दोन मिनिटांचं विमान

पट्टा बांधला, पंखे घरघरले, विमान उडालं, खिडकीतून खाली निळं पाणी दिसलं, आणि... उतरा! तोंडातली लिमलेटची गोळी अजून अर्धीही विरघळलेली नाही.

थट्टा नाही ही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या वेस्ट्रे बेटावरून शेजारच्या पापा वेस्ट्रे बेटावर १९६७ सालापासून विमान जातं. अंतर २.७ किलोमीटर! आपल्या मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटर लांब आहे. म्हणजे हा अख्खा प्रवास तिच्यावर मावेल, वर जागाही उरेल. वेळापत्रकात हा प्रवास दोन मिनिटांचा. बऱ्याचदा तेवढीही लागत नाहीत.

मग होडीनं का नाही जात? जातात की! पण तिकडचा समुद्र भारी लहरी. तो खवळला तरी शिक्षकांना शाळेत आणि आजारी माणसाला दवाखान्यात पोचायचंच असतं. विमानही अगदी चिमुकलं, आयलंडर जातीचं. आठ जण बसले की भरलं. त्यातल्या एकाला चक्क पायलटच्या शेजारी बसायला मिळतं. (त्या जागेसाठी भांडण होत नसेल, यावर माझा तरी विश्वास नाही.)

या प्रवासाचा विक्रम आहे ५३ सेकंदांचा. आता सांगा, बेटं तर जागची हलत नाहीत, मग वेळ कमीजास्त का होतो?

मुख्य करामत वाऱ्याची. विमान उडतं हवेत, आणि ती हवाच सरकत असते. हिशेब सोपा व्हावा म्हणून दोन विमानतळ १०० किलोमीटरवर आहेत असं धरू. विमानाचा वेग ताशी १५० किलोमीटर. वारा नसेल तर जायला ४० मिनिटं, यायला ४०. एकूण ८०.

आता ताशी ५० किलोमीटरचा वारा सुटला. जाताना तो पाठीशी, म्हणून वेग २००. वेळ ३० मिनिटं. वा! येताना तोच वारा तोंडावर. वेग उरला १००, वेळ ६० मिनिटं. एकूण झाली ९०! वाऱ्यानं जाताना १० मिनिटं दिली आणि येताना २० काढून घेतली. असा कसा हा लबाड? तर मदत करणाऱ्या वाऱ्यात विमान अर्धाच तास होतं आणि अडवणाऱ्या वाऱ्यात पूर्ण एक तास. त्रास द्यायला त्याला दुप्पट वेळ मिळाला.

आता वाऱ्याचा वेग ताशी १५० करा. जाताना २० मिनिटं. आणि येताना?

घ्या वही.