मोरीतली भरती

"आजोबा, आपल्या मुंबईत हिंदमाताला साचलेलं पाणी रस्त्यावरच्या जाळीतून खाली का जात नाही हो?"

ये चिमे, मोरीत ये. एक तांब्या ओत. बघ, पाणी भोकाच्या कडेवरून चहूबाजूंनी आत ओघळतंय, शेताच्या बांधावरून ओसंडावं तसं. अशा वेळी पाण्याची उंची चौपट झाली, तर आत जाणारं पाणी आठपट होतं. भोक मोठं दिलदार!

आता अख्खी बादली ओत. भोक पुरतं बुडालं ना? आता त्याचा स्वभावच पालटला. आता उंची चौपट केलीस, तरी पाणी जाईल फक्त दुप्पट. सतराव्या शतकात इटलीच्या टॉरिचेल्लीने हे ताडलं होतं. रस्त्यावरच्या जाळीचंही असंच. घोट्याइतकं पाणी कमरेइतकं झालं, तरी ती त्या मानाने घाई करत नाही.

"पण जातं तर ना!"

नेहमी नाही. परवा खालचा पाइप तुंबला, तेव्हा आपल्या मोरीत काय झालं?

"पाणी वर आलं! घाण!"

तेच तर. जाळी म्हणजे दोन्हीकडे उघडणारं दार. वरच्या पाण्याचा जोर जास्त, तर पाणी आत. खालच्या पाइपातला जास्त, तर बाहेर. मॅनहोलची झाकणंसुद्धा उचलली जातात. पुराचा अंदाज बांधणारे लोक संगणकात शहराचे बारीक चौकोन पाडतात, प्रत्येकाची उंची लिहितात, आणि क्षणाक्षणाला एकेका जाळीला विचारतात: बाई, वर किती पाणी? खाली किती? मग ठरतं, बांधाचा नियम, बुडालेल्या भोकाचा, की उलटा प्रवाह. मला या कामाचं फार अप्रूप वाटतं. सगळ्या शहराचा हिशेब एका भोकापाशी येऊन ठेपतो!

आणि मुंबईत खालचं उत्तर समुद्र देतो. आपले जुने नाले तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या बेताने बांधलेले, तेही ओहोटी धरून. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि दुपारी मोठी भरती. नाल्यांची तोंडं समुद्रानेच दाबली. हिंदमाताचा भाग तर बशीसारखा खोलगट. चहूकडचं पाणी तिथेच उतरतं.

चिमी उकिडवी बसली. भोकावर तळहात दाबून म्हणाली, "मी भरती."

पाणी तिच्या पावलांपर्यंत चढलं. मग तिने हळूच हात उचलला, आणि मोरीत गुडगुड करत भोवरा फिरू लागला.