पडदा किती वेळा पडला?

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते. वाशीम जिल्ह्यात तोवर सोयाबीन बाजारात गेलेले असते, चार पैसे हाती खुळखुळत असतात, आणि त्याच सुमारास एखाद्या घरात मुलगा हळूच गोष्ट काढतो, "बाबा, लग्नाचे फोटो काढायचा धंदा करतो. नवा कॅमेरा परवडायचा नाही, जुना घेऊन द्या. दोन हंगामांत पैसे फेडतो." बाबा चष्मा पुसतात, आई मुलाची बाजू घेते. आता सारी मदार त्या जुन्या कॅमेऱ्यावर. खरे म्हणजे त्याच्या पोटातल्या एका इवल्याशा पडद्यावर!

हा पडदा म्हणजे शटर. भिंगातून येणारा उजेड किती वेळ आत घ्यायचा, हे ठरविणारे दार. वस्तुतः पडदे दोन. एक उघडत पुढे पळतो, दुसरा त्याच्या मागोमाग झाकत येतो. सेकंदाच्या चार हजाराव्या भागाचा फोटो घ्यायचा तर पहिला पोचण्याच्या आतच दुसरा निघतो आणि दोहोंमधली अरुंद फट उजेड पाडीत सरकते. दर फोटोला एकदम धावायचे आणि एकदम थांबायचे! झीज होते ती या धक्क्यांनी.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली चित्रपटाचा कॅमेरा स्वतः जुळवला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात सहसा फिरती चकती हे काम करते. तिला दर चित्रागणिक धावून थांबावे लागत नाही. आपल्या फोटोच्या कॅमेऱ्याच्या नशिबी ते सुख नाही.

कारखानदार पडद्याच्या आयुष्याचा अंदाज सांगतात. साध्या कॅमेऱ्यांना साधारण १ लाख फोटो, कॅननच्या ५डी मार्क ४ ला दीड लाख, निकॉनच्या डी८५० ला २ लाख, तर कॅननच्या १डीएक्स मार्क ३ ला ५ लाख. ही हमी नव्हे बरे! कुणाचा पडदा निम्म्यातच राम म्हणतो, कुणाचा दुप्पट चालतो.

आता हिशेब करा. हळद, लग्न, स्वागत मिळून एका लग्नात तीन हजार वेळा बटण दाबले असे धरू. हंगामात पंचवीस लग्ने म्हणजे ७५ हजार. दोन हंगामांत दीड लाख पुरे! कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटांच्या उड्या टिपणारा हौशी गृहस्थही काही कमी नव्हे. सेकंदाला दहा फोटो या वेगाने त्याच्या मिनिटभरात सहाशे जातात. उलट एखाद्या मास्तरांनी मुलांच्या वाढदिवसापुरता वापरलेला कॅमेरा दहा वर्षांनीही तरुण असू शकतो. म्हणून "किती वर्षांचा?" यापेक्षा "कुणाचा?" हे आधी विचारावे.

आकडा कसा कळतो? निकॉनच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत तो प्रत्येक फोटोच्या फाइलीतच नोंदलेला असतो. ताजा, काही फेरफार न केलेला फोटो मागून घ्यावा. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो फोटोत सापडत नाही. कॅमेरा संगणकाला जोडून किंवा दुरुस्ती केंद्रात पाहावा लागतो. पण आकड्यावर भाळू नका. व्हिडिओ घेताना पडदा उघडाच राहतो, त्यामुळे तासन् तास तापलेल्या कॅमेऱ्याचाही आकडा लहान दिसतो.

तेव्हा परीक्षा स्वतः घ्यावी. उन्हात उजळलेल्या पांढऱ्या भिंतीचे फोटो घ्या. वेग बदलत न्यायचा आणि त्या प्रमाणात भिंगाचे छिद्र किंवा आयएसओ बदलायचा. सगळे फोटो सारख्याच उजेडाचे यावेत. सर्वांत जलद वेगाला एका कडेशी काळी पट्टी उमटली, तर पडदा थकला म्हणून समजा. मग सलग वीसेक फोटो घेऊन पाहा. मध्येच अडखळला किंवा चूक दाखवू लागला तर नमस्कार करून घरी या. आणि कुणालाही आत फवाऱ्याची हवा मारू देऊ नका; कागदासारख्या पातळ पात्या वाकतात आणि धुळीपायी पडदाच बदलावा लागतो.

बदलायचा खर्च नुसत्या सुट्या भागाचा नसतो. मजुरी आली, मोठ्या शहरी पाठवायचे तर जाण्यायेण्याचा खर्च आला, आणि ऐन लग्नसराईत कॅमेरा घरी नसण्याचे दिवस आले. त्यांचे बिल कुणी देत नाही! दुरुस्तीचा अंदाज सौद्याआधीच विचारून ठेवावा. समजा, कॅमेऱ्याचे ३० हजार सांगितले, पडदा आयुष्याच्या टोकाला आला आहे आणि दुरुस्तीला १० हजार लागणार. तर २० हजारांवर जाऊ नये. खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला तर तो सौदा मला पटत नाही.

माळ्यावर बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक ३ असेल, तर त्याला ही काळजी नाही. त्याचा पडदा इतका साधा की मुलांच्या हाती द्यावा. फक्त त्याच्या १२० फिल्मला आज पैसे मोजावे लागतात. निकॉनच्या २०२१ च्या झेड ९ ला तर यांत्रिक शटरच नाही, पण त्याची किंमत ऐकून बाबांना पुन्हा चष्मा पुसावा लागेल.

शेवटी मूळ बिल मागा. बिलावरचा क्रमांक आणि कॅमेऱ्यावरचा क्रमांक शेजारी ठेवून वाचा. जुळत नसेल तर पडदा कितीही नवा असो, पैसे खिशातच राहू द्या.