बिस्किट जॉइनर: फळ्या एकसपाट का बसत नाहीत?

गोंदियाहून मी बोलतोय. आजचा भाग आहे बिस्किट जॉइनर या हातात धरायच्या मशीनवर. डेटा संपला असेल किंवा वर्कशॉपच्या आवाजात नीट ऐकू येत नसेल, तर हे निवांत वाचा.

प्रश्न एकच आहे. मशीन आणली, बिस्किटं आणली, फेविकॉल लावला, तरी दोन फळ्यांच्या जोडावर पायरी येते. नख फिरवलं की अडकतं. असं का होतं?

आधी, पायरीला एवढं का घाबरायचं ते बघू. सागवानाची जाड फळी असेल तर रंधा मारून पायरी निघते. पण आज तिरोड्यात असो की देवरीत, कपाटं आणि टेबलं बहुतेक प्लायची नाहीतर बोर्डाची बनतात. व्हेनिअर प्लायवरचा शोभेचा थर एक मिलिमीटरपेक्षा पातळ असतो. पायरी घासायला गेलात की खालचं वेगळं लाकूड दिसायला लागतं, आणि ते परत झाकता येत नाही. मग शीट वाया, दिवस वाया, आणि नवीन शीटचे पैसे कोणी भरायचे यावरून वाद. म्हणून फळी पहिल्याच वेळी एकसपाट बसली पाहिजे.

मशीन करते काय?

हे तसं साधं यंत्र आहे. पुढे लहान गोल ब्लेड असतं. मशीन ढकलली की ब्लेड बाहेर येतं आणि फळीच्या कडेत चंद्रकोरीसारखी खाच पाडतं. समोरच्या फळीतही तशीच खाच पाडायची. मध्ये लाकडाचं चपटं, लंबगोल बिस्किट घालायचं. हे बिस्किट बीच नावाच्या लाकडाचं असतं आणि दाबून पातळ केलेलं असतं. पांढऱ्या फेविकॉलमधलं पाणी पिऊन ते फुगतं आणि खाचेत घट्ट बसतं.

ही कल्पना स्वित्झर्लंडमधल्या लिस्टाल गावच्या हेरमान श्टायनर या सुताराची. १९५० च्या दशकात चिपबोर्ड बाजारात नवीन होता आणि तो जोडायची सोपी पद्धत ते शोधत होते. त्यातून ही बिस्किटं निघाली. हातात धरायची मशीन १९६८ साली आली. त्यांच्या कंपनीचं नाव लॅमेलो. म्हणजे ही मशीन जन्मली तीच बोर्डाच्या कामासाठी.

बिस्किटं मुख्यतः तीन मापांत मिळतात: ०, १० आणि २० नंबर. २० नंबरचं बिस्किट ५६ मिमी लांब आणि २३ मिमी रुंद असतं, ० नंबरचं ४७ बाय १५. जाडी तिन्हींची ४ मिमीच. १८ मिमी प्लायला जागा असेल तिथे २० नंबर वापरा. खोलीचं बटण बिस्किटाच्या नंबरावरच लावायचं.

खरी गोम इथे आहे

खाच बिस्किटापेक्षा थोडी लांब असते. त्यामुळे फळी डावी-उजवीकडे दोन-तीन मिमी सरकवता येते. पेन्सिलची खूण जराशी चुकली तरी मशीन सांभाळून घेते. पण वर-खाली? तिथे काहीच सूट नाही. बिस्किट ४ मिमी, खाचही ४ मिमी. उंचीत जेवढी चूक कराल तेवढी पायरी येणारच.

आता हिशोब बघा. बऱ्याच मशीनमध्ये बेसपासून ब्लेडच्या मध्यापर्यंत साधारण १० मिमी अंतर असतं. १८ मिमीची फळी टेबलावर ठेवून, मशीनही टेबलावर टेकवून खाच पाडली, तर ती खालून १० वर आणि वरून ८ वर येते. खाच बरोबर मध्यात नाही, तरी काही बिघडत नाही. दोन्ही फळ्यांची चांगली बाजू खाली असेल, तर दोन्हीकडे खाच चांगल्या बाजूपासून १० वरच पडेल. पण एक फळी उलटी ठेवली तर एकीकडे १०, दुसरीकडे ८. झाली २ मिमीची पायरी!

म्हणून पहिला नियम: मशीन सुरू करायच्या आधी प्रत्येक फळीच्या चांगल्या बाजूवर पेन्सिलने मोठी खूण करा, आणि प्रत्येक खाच त्याच बाजूवरून मोजली जाईल असं बघा. १८ चा म्हणून विकलेला प्लाय कधी १७.५ भरतो. तो फरक मग मागच्या बाजूला जातो, जिथे कोणी बघत नाही.

हात कुठे ठेवायचा?

दोन पद्धती आहेत. एक, आत्ता सांगितली तशी: फळी आणि मशीन दोन्ही एकाच सपाट टेबलावर. टेबल मध्ये खोलगट नको. खाली बुरादा नको, कारण एक बारीक कपची अडकली तरी खाच तिरपी होते. प्रत्येक खाचेआधी ब्रश फिरवा.

दुसरी पद्धत फेन्सची. फेन्स म्हणजे मशीनच्या तोंडावरची वर-खाली सरकणारी पट्टी. ती चांगल्या बाजूवर वरून टेकवायची. इथे गडबड होते ती वजनामुळे. मोटर मागे असते, ती मशीनची शेपूट खाली ओढते. म्हणून एका हाताने फेन्स घट्ट खाली दाबा, दुसऱ्या हाताने मशीन फक्त पुढे ढकला. मागच्या हाताने उचलूही नका, दाबूही नका. ब्लेडला पूर्ण वेग येऊ द्या, मग सावकाश आत जा आणि सावकाश बाहेर या.

आणि बरं का, फळी एका हातात धरून दुसऱ्या हाताने मशीन कधीच चालवायची नाही. फळी क्लॅम्पने बांधा, दोन्ही हात मशीनवर ठेवा. चष्मा आणि मास्क लावा. ब्लेड बदलताना प्लग काढा.

आपल्या हवेचं काय?

गोंदियात मे महिन्यात लाकूड कडकड वाजतं आणि जुलैत ओल धरतं. पावसाळ्यात पुडा उघडा राहिला की बिस्किटं आधीच फुगतात, मग खाचेत जात नाहीत. ठोकून बसवू नका. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, जशी आई पापड ठेवते.

दुसरी गोष्ट, भरीव लाकूड जोडताना घाई करू नका. फेविकॉलच्या पाण्याने बिस्किटाभोवतीचं लाकूडही फुगतं. दुसऱ्याच दिवशी घासून सपाट केलं, तर आठवड्याने ते लाकूड सुकून बसतं आणि वर बिस्किटाच्या आकाराचे खळगे दिसतात. क्लॅम्प लवकर काढलात तरी चालेल, पण शेवटची घासाई काही दिवसांनी करा. पावसाळ्यात आणखी थांबा.

तपासायचं कसं?

फेविकॉल लावण्याआधी सुकी जोडणी करून बघा. मोबाईलचा टॉर्च फळीवर आडवा, अगदी खाली धरा. पायरी असेल तर जोडावर सावलीची रेघ दिसेल. डोळ्याला जे सुटतं ते टॉर्चला सुटत नाही. रेघ दिसली तर खाच फेविकॉल आणि बिस्किटाचा तुकडा घालून भरा, सुकू द्या, आणि नव्याने पाडा.

शेवटी एक मर्यादा. टेबलाचा पृष्ठभाग, कपाट, शेल्फ यांना बिस्किट उत्तम. पण खुर्चीच्या पायाला, जिथे रोज माणसाचं वजन आणि हिसका बसतो, तिथे जुन्या मिस्त्रींचा कुसाचा जोडच टिकतो. ती कला मशीनमुळे जुनी झालेली नाही.

तर या आठवड्याचं काम: टाकाऊ प्लायचे दोन तुकडे घ्या, खुणा करा, तीन बिस्किटं घाला आणि टॉर्च मारून बघा. नख अडकलं नाही तर मोठ्या शीटला हात लावा. भेटू पुढच्या भागात!