घड्याळजीच्या मुलाने सरळ केलेली पावलं

साधारण हजार बाळांमागे एक बाळ पावलं आत वळलेली घेऊन जन्माला येतं. तळवे एकमेकांकडे वळलेले, टाच वर ओढलेली, पाऊल मधूनच दुमडल्यासारखं. घरात लगेच कुजबुज सुरू होते: गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल, विळीवर काही चिरलं असेल. ओली बाळंतीण ते ऐकते आणि मनोमन स्वतःलाच दोष देऊ लागते. या कुजबुजीला विज्ञानात कसलाही आधार नाही. डॉक्टर याला ‘क्लबफूट’ म्हणतात. मुलींपेक्षा मुलग्यांत ते सुमारे दुपटीने आढळतं, आणि जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. काही घराण्यांत ते पुन्हा पुन्हा दिसतं, पण बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. आईच्या हातून काही चुकल्यामुळे ते होत नाही, एवढं मात्र नक्की. वेळेत उपचार झाले तर हेच बाळ पुढे अंगणात धावतं. त्याचं मोठं श्रेय मुलांच्या हाडांच्या एका डॉक्टरला जातं.

इग्नासिओ पोन्सेती यांचा जन्म १९१४ चा, स्पेनच्या मिनोर्का बेटावरचा. वडील घड्याळजी. लहान इग्नासिओ दुकानात त्यांच्या हाताखाली घड्याळं दुरुस्त करायचा. १९३६ मध्ये बार्सिलोनात वैद्यकीचं शिक्षण संपलं आणि त्याच सुमारास देशात यादवी पेटली. तरुण डॉक्टर रिपब्लिकन सैन्याच्या जखमींची मोडलेली हाडं बसवू लागला. १९३९ मध्ये पराभव समोर दिसत असताना त्यांनी चाळीसएक जखमींना खेचरांवर घालून, डोंगरवाटा ठाऊक असलेल्या तस्करांच्या मदतीने, पिरेनीज पर्वतापार फ्रान्समध्ये नेलं. मग मेक्सिकोतल्या एका गावात डॉक्टरी केली आणि १९४१ मध्ये ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. आर्थर स्टाइंडलर यांच्याकडे शिकायला गेले.

तिथे त्यांच्यावर काम आलं ते जुन्या रुग्णांना पुन्हा तपासण्याचं. क्लबफूटची शस्त्रक्रिया लहानपणी झालेली ही मुलं आता मोठी झाली होती. त्यांची पावलं दिसायला बरी, पण ताठर आणि दुखरी होती. सुरीने जिथे जिथे मोकळं केलं, तिथे तिथे व्रणाची घट्ट ऊती तयार झाली होती. पोन्सेतींनी यातून धडा घेतला आणि बाळाचं पाऊल मुळापासून अभ्यासायला घेतलं.

घोट्यात टॅलस नावाचं एक हाड असतं. टाचेचं हाड आणि पावलाच्या मधल्या भागातली हाडं या टॅलसभोवती एकत्र फिरतात. घड्याळातली चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, एकालाच ढकलून भागत नाही. पावलाचंही तसंच आहे. अटलांटाचे डॉ. हायरम काइट हेसुद्धा प्लास्टरनेच उपचार करत, पण ते अंगठ्याचा दाब पावलाच्या बाहेरच्या कडेवर, टाचेपुढच्या सांध्यावर देत. त्या दाबाने टाच जागीच अडकायची आणि उपचार लांबत जायचे. पोन्सेतींनी अंगठा थोडा मागे, टॅलसच्या टोकावर ठेवला. तो टेकू धरून पाऊल हलकेच बाहेर वळवलं की सगळी हाडं आपोआप एकत्र सरकतात.

बाळाचे अस्थिबंध लवचीक असतात. हळूहळू ताणले तर ते लांबतात आणि नव्या स्थितीत रुळतात. म्हणून दर आठवड्याला पाऊल थोडं वळवायचं आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. अशी पाच-सहा प्लास्टरं बहुतेकांना पुरतात. शेवटी टाच वर ओढलेलीच राहिली, तर टाचेमागची घट्ट शीर एका बारीक छेदातून कापायची. बाळांमध्ये ही शीर तीनेक आठवड्यांत पुन्हा सांधते. एवढीच काय ती सुरी.

ही पद्धत त्यांनी १९४० च्या दशकात सुरू केली, १९६३ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. बहुतेक सर्जन मात्र मोठ्या शस्त्रक्रियाच करत राहिले. १९८४ मध्ये पोन्सेती निवृत्त झाले, काही काळाने पुन्हा कामावर रुजू झाले. १९९५ मध्ये त्यांच्या जुन्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. सरासरी ३४ वर्षांच्या या माणसांपैकी ७८ टक्के लोकांचे पाय चांगलं किंवा उत्तम काम देत होते. जन्मतः पाय निर्दोष असलेल्यांत हे प्रमाण ८५ टक्के होतं. पुढे इंटरनेटवर पालकांनीच एकमेकांना ही पद्धत सांगितली, आणि डॉक्टर ती शिकायला आयोवाला जाऊ लागले. नव्वदी उलटल्यावरही पोन्सेती बाळांचे पाय हातात घेत होते. २००९ मध्ये, ९५ व्या वर्षी, ते गेले.

‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द १७४१ मध्ये फ्रान्सच्या निकोला आंद्री यांनी ग्रीकमधून घडवला: ‘सरळ’ आणि ‘मूल’. ही विद्या जन्मली ती मुलांसाठीच. मूल वाढत असतं, त्याच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढरेषा असते. ती दुखावली तर पुढची वाढ वाकडी होऊ शकते, आणि नीट सांभाळली तर तीच वाढ डॉक्टरच्या मदतीला येते. म्हणून मुलांच्या हाडांच्या सर्जनला कुठे कापायचं याच्याइतकंच कुठे थांबायचं हेही शिकावं लागतं.

पण प्लास्टर निघालं म्हणजे उपचार संपले असं नाही. त्यानंतर आडव्या पट्टीला जोडलेले बूट असतात: पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग चार वर्षांपर्यंत झोपेच्या वेळी. युगांडात मिशिएल स्टेनबीक यांनी गावातल्या चांभारालाही शिवता येतील असे स्वस्त बूट तयार केले. पाय पुन्हा वळतो, तो बहुतेक वेळा हे बूट मध्येच सोडल्यामुळे. पाय सरळ दिसतो, बाळ किरकिरतं, आजीला दया येते, आणि बूट कपाटात जातात.

आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटची तपासणी आणि मोफत उपचार आहेत. म्हणजे ज्ञान आहे, सोयही आहे. बाळाची पावलं वळलेली दिसली तर मालिश करत वाट पाहू नका. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच त्याला डॉक्टरकडे न्या. आणि पुढची चार वर्षं, रात्री दिवा मालवण्याआधी, बुटांचे पट्टे न विसरता बांधा. पोन्सेतींनी सुरू केलेलं काम तेव्हा तुमच्या हातात असतं.