कौलारू घर का शाकारतात?

मे महिन्याच्या सुटीत रत्नागिरी जिल्ह्यात गेलात, तर जागोजागी घरांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसतील. कौले काढायची, झाडायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा रचायची, हे ते काम. त्याला शाकारणी म्हणतात. गेल्या वर्षी नीट बसवलेले छप्पर यंदा पुन्हा का बरे उचकटायचे?

आधी थोडे गणित करू. रत्नागिरीस वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. १०० चौरस मीटर जागा झाकणारे छप्पर घ्या. ३ मीटर गुणिले १०० चौरस मीटर म्हणजे ३०० घनमीटर, अर्थात ३ लाख लिटर पाणी! हे सारे पाणी छपराला आत न येऊ देता खाली सोडायचे असते. तेही सुट्या कौलांनी, चुना-सिमेंटचा सांधा न भरता.

हे जमते ते उतारामुळे. वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर चढलेली असते. पाणी उतारावरून खाली धावते. चढून वर जात नाही. पण ते कधीच वर चढत नाही का? प्रयोग करून पाहा. काचेच्या दोन सपाट पट्ट्या घ्या. त्यांची एक उभी कड जुळवा, दुसऱ्या कडेत आगकाडी ठेवा आणि दोरा बांधून त्या रंगीत पाण्यात उभ्या करा. फट जिथे सर्वांत अरुंद, तिथे पाणी सर्वांत उंच चढते. हेच केशाकर्षण.

आता छपराकडे वळू. वर्षभरात वाऱ्याने पाचोळा येतो, धूळ साचते, शेवाळ धरते. हा कचरा दोन कौलांमध्ये अडकला की पाणी तुंबते आणि अरुंद फटींतून मागे सरकत आत झिरपते. वानरांच्या उड्यांनी कौले सरकतात, फुटतात, ते वेगळेच. मंगळुरी कौल हातात घेऊन पाहा. त्याच्या कडांना खाचा आणि उंचवटे असतात. त्यांमुळे कौले एकमेकांत अडकतात आणि पाण्याची वाट तुटते. असे कौल यंत्रावर बनवण्याचा कारखाना बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ साली काढला. पण त्या खाचाही मातीने भरल्या, तर उपयोग शून्य!

तुम्ही म्हणाल, चार थेंब गळले तर काय बिघडले? थेंब पडतो वाशावर. लाकूड ओले राहिले की बुरशी धरते, वाळवीलाही ओल मानवते. वासा कुजला की छप्पर खचते आणि मग जांभ्याच्या भिंतीवर सरळ पाऊस पडू लागतो. राहत्या घरात गळती त्याच दिवशी कळते, खाली भांडे ठेवता येते. पण डोंगरउतारावरची कितीतरी घरे आज वर्षभर बंद असतात. घरची माणसे मुंबईस आणि येणे फक्त सुटीत. अशा घरात एक सरकलेले कौल चार महिने कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून बंद घराला शाकारणी अधिक लागते, कमी नव्हे.

उतारावरच्या घराला आणखी एक काम असते. डोंगराकडील बाजूस खणलेला चर मे महिन्यातच साफ करावा लागतो. तो बुजला तर वरून येणारे पाणी जोत्यात मुरते. पडवीत वाऱ्याची झड येऊ नये, म्हणून झावळ्यांचे विणलेले झापही याच दिवसांत बांधतात.

छपरावर चढणे हे जाणत्या माणसाचे काम. तुम्ही मात्र खालून शोध घेऊ शकता. भर दुपारी घरात दिवा न लावता वर पाहा. जिथून उन्हाचा कवडसा येतो, तिथून पाऊसही येऊ शकतो. अशा जागा वहीत नकाशा काढून टिपून ठेवा आणि शाकारणाऱ्या काकांना दाखवा. मृग निघण्यापूर्वी बरे!