जुळ्यांचे बाळंतपण : सिझेरियन करावेच लागते का?

‘जुळे आहे, म्हणजे सिझेरियन ठरलेलेच’ हे वाक्य आज शहरातही ऐकू येते आणि खेड्यातही. सोनोग्राफीत जुळे असल्याचे कळले, की अभिनंदनापाठोपाठ ऑपरेशनची तारीख विचारली जाते. यामागचा विचार सरळ असतो. पोटात दोन बाळे म्हणजे धोका दुप्पट, आणि ऑपरेशन म्हणजे धोका टाळण्याचा खात्रीचा मार्ग. हा विचार बरोबर आहे का?

आम्ही प्रसूतितज्ज्ञ नाही, संशोधन करणारी माणसे आहोत. कोणत्या बाईने काय करावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर ज्या पद्धतीने शोधले गेले, ती पद्धत विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. शिवाय हे उत्तर आपल्यापैकी अनेकांच्या घरात उपयोगी पडू शकते.

पोटातली मांडणी

सुमारे ८० बाळंतपणांत एक जुळे, असा जुना ढोबळ नियम आहे. वंध्यत्वावरील उपचारांमुळे अनेक देशांत हे प्रमाण आता वाढले आहे. जुळी बाळे गर्भाशयात कशी बसली आहेत, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. गर्भाशयाच्या तोंडाशी जे बाळ असते, त्याला आपण पहिले बाळ म्हणू. जन्माच्या वेळी दर पाच जुळ्यांपैकी साधारण चारांत या पहिल्या बाळाचे डोके खाली असते. दुसऱ्या बाळाचे मात्र काही सांगता येत नाही. त्याचेही डोके खाली असेल, ते पायाळू असेल, किंवा चक्क आडवे असेल.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पाणमोट. बहुतेक जुळ्यांत प्रत्येक बाळाची पाणमोट वेगळी असते, मधे पडदा असतो. क्वचित दोन्ही बाळे एकाच पाणमोटेत असतात. तेव्हा त्यांच्या नाळा एकमेकींत गुंतण्याचा धोका असतो, म्हणून अशा जुळ्यांसाठी दिवस भरण्याच्या बरेच आधी सिझेरियन करतात. पहिले बाळ आडवे असेल किंवा वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, तरीही ऑपरेशनला पर्याय नसतो. पहिले बाळ पायाळू असेल तर बहुतेक डॉक्टर सिझेरियनच सुचवतात. आपला प्रश्न उरलेल्यांचा, म्हणजे पहिल्याचे डोके खाली आणि पाणमोटा वेगळ्या अशा जुळ्यांचा आहे. जुळ्यांतला मोठा गट हाच आहे.

दुसऱ्या बाळाची अडचण आणि सोय

या गटातल्या पहिल्या बाळाचा जन्म एकट्या बाळासारखाच होतो. खरी काळजी असते ती दुसऱ्याची. पहिले बाळ बाहेर पडताच गर्भाशयात एकदम जागा होते. त्या जागेत दुसरे बाळ फिरू शकते, आडवे होऊ शकते. कळा मंदावू शकतात. पाणमोट फुटताना नाळ बाळाच्या आधी खाली घसरू शकते आणि दाबली जाऊ शकते. दुसऱ्याचा जन्म होण्याआधीच वार सुटू लागली, तर त्याचा प्राणवायू तुटतो. दुसरे बाळ हे पहिल्यापेक्षा अधिक जोखमीचे, हा अनुभव म्हणूनच जुना आहे.

पण याला दुसरी बाजूही आहे. पहिल्या बाळाने वाट मोकळी केलेली असते. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडलेले असते. त्यामुळे दुसऱ्याला वाट शोधावी लागत नाही. जाणकार डॉक्टर पहिल्याच्या जन्मानंतर लगेच सोनोग्राफीने दुसऱ्याची स्थिती पाहतात आणि त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. गरज पडल्यास कळा वाढवण्यासाठी सलाइनमधून औषध देतात. बाळ आडवे असेल, तर हात आत घालून त्याचे पाय धरतात आणि त्याला पायांकडून बाहेर आणतात. ही क्रिया नवी नाही. फ्रान्सचा प्रसिद्ध शल्यवैद्य आंब्रवाज पारे याने सोळाव्या शतकात तिचे वर्णन केले होते. पण ती पुस्तक वाचून येत नाही. अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहूनच शिकावी लागते.

पायाळू बाळांचा अभ्यास

२००० साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेरी हॅना यांच्या नेतृत्वाखाली टोरांटोहून चाललेला हा अभ्यास २६ देशांतील २,०८८ स्त्रियांवर झाला होता. पोटात एकच बाळ आणि तेही पायाळू, अशा या स्त्रिया होत्या. सिझेरियनची योजना केलेल्या गटात बाळाच्या मृत्यूचे किंवा गंभीर आजाराचे प्रमाण १.६ टक्के आढळले, तर नॉर्मल बाळंतपणाची योजना केलेल्या गटात ५ टक्के. यानंतर अनेक देशांत पायाळू बाळासाठी सिझेरियन हाच नियम झाला.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला. जुळ्यांतले दुसरे बाळ पुष्कळदा पायाळूच असते. तेव्हा तोच नियम त्यालाही का लावू नये? अनेकांनी तो लावलाही. पण एकट्या पायाळू बाळाला वाट स्वतः काढावी लागते, जुळ्यांतल्या दुसऱ्याला ती तयार मिळते. दोन्ही परिस्थिती सारख्या नाहीत, म्हणून एकीचे उत्तर दुसरीला न तपासता लावणे शास्त्रीय नव्हे. तपासणे भाग होते.

तुलना कशाची करायची?

इथे एक फसवी जागा आहे. रुग्णालयाच्या नोंदवह्या काढून, ज्यांचे बाळंतपण नॉर्मल झाले आणि ज्यांचे सिझेरियन झाले अशा दोन याद्या करून तुलना केली तर? हे सोपे वाटते, पण उत्तर चुकीचे येऊ शकते. कसे ते शाळेतल्या उदाहरणाने पाहू.

समजा, मुले शाळेत सायकलने किंवा एसटीने येतात, आणि कोणत्या वाहनाने वेळेवर पोचता येते हे आपल्याला शोधायचे आहे. एक मुलगा सायकलने निघाला. वाटेत सायकल पंक्चर झाली. ती पानवाल्याकडे ठेवून त्याने मिळेल ती एसटी धरली आणि तो अर्धा तास उशिरा पोचला. हा उशीर कोणाच्या खात्यात मांडायचा? फाटकाशी उभे राहून नोंद केली, तर तो एसटीतून उतरताना दिसेल आणि उशीर एसटीच्या नावावर जाईल. पण घरून निघताना त्याने निर्णय घेतला होता सायकलचा. उद्या सायकल घ्यावी की एसटी, हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्या दृष्टीने हा उशीर सायकलच्याच खात्यातला आहे.

बाळंतपणाचेही असेच आहे. नॉर्मलसाठी थांबले, बाळाचे ठोके मंदावले, घाईने सिझेरियन केले. हे बाळ अत्यवस्थ झाले, तर त्याची नोंद नॉर्मलच्या योजनेखाली झाली पाहिजे. उलट, सिझेरियनची तारीख ठरलेली असताना आधीच कळा सुरू होऊन बाळंतपण नॉर्मल झाले, तर ती नोंद सिझेरियनच्या योजनेखाली. आईला निवड करता येते ती योजनेची, शेवटाची नव्हे. म्हणून तुलनाही योजनांची हवी.

दुसरी अट अशी की दोन्ही गट सुरुवातीला सारखे असावेत. अशक्त, आजारी स्त्रियांना डॉक्टर आधीच सिझेरियनकडे वळवतात. मग त्या गटाचे निकाल वाईट आले, तर दोष ऑपरेशनचा की आजाराचा? यावरचा उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडणे. चिठ्ठीला कोण अशक्त आणि कोण सशक्त हे कळत नाही, त्यामुळे मोठ्या संख्येत दोन्ही गट आपोआप सारखे होतात.

पंचवीस देशांतला प्रयोग

या दोन्ही अटी पाळून जॉन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळ्यांचा अभ्यास केला. तोही टोरांटोहूनच चालला. २५ देशांतल्या १०६ केंद्रांत, २००३ ते २०११ या काळात, २,८०४ गर्भवती त्यात सहभागी झाल्या. अभ्यासात येताना गर्भ ३२ आठवड्यांपेक्षा मोठा आणि पहिल्या बाळाचे डोके खाली, असे निकष होते. १,३९८ जणींसाठी सिझेरियनची योजना निघाली, १,४०६ जणींसाठी नॉर्मलची. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाले.

बाळाचा मृत्यू किंवा गंभीर आजार यांचे प्रमाण सिझेरियनच्या योजनेत २.२ टक्के होते आणि नॉर्मलच्या योजनेत १.९ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे ठरवून केलेल्या सिझेरियनने बाळांचा धोका कमी झाला नाही. दुसऱ्या बाळाला पहिल्यापेक्षा अधिक धोका असतो हे या अभ्यासातही दिसले, परंतु सिझेरियनच्या योजनेने दुसऱ्या बाळाचाही फायदा झाला नाही. मुले दोन वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली. मृत्यू किंवा वाढीतले मागासलेपण यांचे प्रमाण दोन्ही गटांत सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सारखेच निघाले.

आता याच अभ्यासातली दुसरी आकडेवारी पाहू, कारण ती लपवून चालणार नाही. नॉर्मलची योजना केलेल्यांपैकी ५६.२ टक्के स्त्रियांची दोन्ही बाळे नॉर्मल झाली. ३९.६ टक्के जणींना दोन्ही बाळांसाठी सिझेरियन करावे लागले. उरलेल्या ४.२ टक्के जणींचे पहिले बाळ नॉर्मल झाले आणि दुसऱ्यासाठी ऑपरेशन करावे लागले. एकाच दिवशी दोन्ही प्रकारचा त्रास, ही गोष्ट आईला आधी सांगितलीच पाहिजे. ‘प्रयत्न करू’ याचा अर्थ ‘नक्की होईल’ असा नाही.

फ्रान्सचा अनुभव

फ्रान्समध्ये जुळ्यांचे नॉर्मल बाळंतपण करण्याची परंपरा टिकून आहे. तिथे २०१४-१५ मध्ये १७६ रुग्णालयांतल्या ५,९१५ जुळ्यांच्या बाळंतपणांची नोंद ठेवली गेली. त्यांपैकी तीन चतुर्थांश स्त्रियांची योजना नॉर्मलची होती, आणि त्यांतल्या ८० टक्के जणींची दोन्ही बाळे नॉर्मल झाली. तिथले डॉक्टर पहिल्यानंतर फार वाट पाहत नाहीत. दुसऱ्या बाळाला लवकर आणि सक्रियपणे बाहेर आणतात. बाळाच्या मृत्यूचे किंवा गंभीर आजाराचे प्रमाण सिझेरियनच्या योजनेत ५.२ टक्के आणि नॉर्मलच्या योजनेत २.२ टक्के निघाले.

यावरून सिझेरियन वाईट, असे म्हणायचे का? नाही. इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. जास्त जोखमीच्या स्त्रिया सिझेरियनकडे गेल्या असण्याची शक्यता राहते. फरकही मुख्यतः ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत होता. या अभ्यासातून एवढे मात्र नक्की कळते, की शिकलेले हात आणि तयार रुग्णालय असेल, तर बहुतेकींचे बाळंतपण नॉर्मल होऊ शकते.

२०१९ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हेच आले. ३२ आठवड्यांनंतर, पहिल्याचे डोके खाली असेल, दोन बाळांच्या आकारात फार तफावत नसेल आणि दुसरी काही गुंतागुंत नसेल, तर दोन्ही योजना सुरक्षित आहेत. निवड आईने करावी.

जमाखर्च

दोन्ही योजना बाळांसाठी सारख्या असतील, तर मग सिझेरियन केले म्हणून काय बिघडले? बिघडते असे नाही, पण खर्चाची बाजू आईच्या खात्यात पडते. पोटावरची जखम, बरे व्हायला लागणारे दिवस, आणि दोन तान्ह्या बाळांना घेऊन उठबस. पुढच्या खेपेस वार जुन्या व्रणात रुतण्याचा धोका असतो, आणि सिझेरियनच्या संख्येबरोबर तो वाढत जातो. ज्या बाईला आणखी मूल हवे आहे, तिच्यासाठी हा विचार महत्त्वाचा ठरतो.

दुसरा तोटा समाजाचा आहे. सगळ्याच जुळ्यांसाठी ऑपरेशन होऊ लागले, की तरुण डॉक्टरांना दुसरे बाळ फिरवून बाहेर आणण्याची कला पाहायलाही मिळत नाही. मग ज्या दिवशी जुळ्यांची आई ऑपरेशनला वेळच न देता रुग्णालयात येते, त्या दिवशी ती कला कोणाला येत नसते.

आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सर्व बाळंतपणांपैकी २१.५ टक्के सिझेरियनने झाली. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, तर सरकारीत १४.३ टक्के होते. हे आकडे केवळ जुळ्यांचे नाहीत, पण निवड फक्त शरीराच्या गरजेवर ठरत नाही एवढे त्यांतून दिसते.

कोठे आणि केव्हा?

या लेखाचा अर्थ ‘जुळे घरी किंवा जवळच्या दवाखान्यात होऊ द्यावे’ असा कोणी घेऊ नये. टोरांटोच्या अभ्यासातल्या प्रत्येक केंद्रात अनुभवी प्रसूतितज्ज्ञ आणि तातडीच्या सिझेरियनची सोय होती. भूलतज्ज्ञ, रक्त, बाळांचे डॉक्टर, ठोके मोजण्याचे यंत्र हे सारे हवेच. जुळ्यांनी ताणलेले गर्भाशय बाळंतपणानंतर नीट आवळत नाही, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका दोन्ही मार्गांत अधिक असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा ही सोय नसते. म्हणून खेड्यातल्या बाईने सातव्या-आठव्या महिन्यातच जिल्हा रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी नाव नोंदवावे आणि तिथे चार प्रश्न विचारावेत. पहिल्या बाळाचे डोके खाली आहे का? पाणमोटा वेगळ्या आहेत का? दुसरे बाळ पायाळू झाले तर ते खालून काढण्याचा अनुभव इथे कोणाला आहे? रात्री दोन वाजता ऑपरेशनची वेळ आली, तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतील?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्या ठिकाणी ठरवून केलेले सिझेरियन हाच शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो.

वर्गासाठी

नववी-दहावीच्या वर्गात सायकल-एसटीचे उदाहरण जरूर करून पाहावे. आठवडाभर प्रत्येक मुलाने घरून निघताना ठरवलेले वाहन आणि शाळेत पोचतानाचे वाहन, दोन्ही लिहावीत. शेवटी उशिरांचे दोन तक्ते करावेत, एक ठरवलेल्या वाहनाप्रमाणे आणि एक पोचलेल्या वाहनाप्रमाणे. दोन्ही तक्त्यांची उत्तरे वेगळी आली, तर त्यांपैकी कोणता तक्ता उद्याच्या निर्णयासाठी कामाचा, हे मुलांनाच विचारावे. औषध, खत, बियाणे, शिकवण्याची नवी पद्धत, यांपैकी कशाचीही जाहिरात पुढे आली, तर हाच प्रश्न त्यांना विचारता येईल : तुलना कोणाशी केली, आणि मधेच सोडून गेलेले कोणाच्या खात्यात मोजले?