जीव सांभाळणारी कडी

भंडारा, तुमसर, पवनीकडची आपली पुष्कळ तरुण मंडळी नागपूर-पुण्याला उंच इमारतींच्या कामावर जातात. कोणी रंगकाम करतो, कोणी टॉवरवर चढतो. घरच्यांना रोजीचा आकडा ठाऊक असतो. पण कमरेचा पट्टा दोरीला कशाने अडकवला आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून त्या लहानशा कडीविषयी आम्ही येथे सांगत आहोत.

या कडीला कॅराबिनर म्हणतात. तिच्या एका बाजूला आत उघडणारी आणि स्प्रिंगने आपोआप मिटणारी झडप असते. पूर्वी घोडेस्वार शिपाई कार्बाईन बंदूक अशा आकड्याला अडकवीत, त्यावरून हे नाव पडले. १९१० च्या सुमारास म्युनिकचे गिर्यारोहक ओटो हर्झोग यांनी ती डोंगर चढण्यासाठी वापरात आणली. गिर्यारोहक हलकी अॅल्युमिनियमची कडी घेतात; बांधकामावर, जेथे लोखंडाशी घासण्याचा प्रसंग येतो, तेथे पोलादी कडी टिकते.

कडीवर ताकदीचा आकडा कोरलेला असतो. २२ किलोन्यूटन म्हणजे सुमारे २२०० किलो वजनाइतका ताण. परंतु ही ताकद झडप बंद असताना, लांबीच्या दिशेनेच मिळते. कडी आडवी झाली किंवा झडप उघडी राहिली, तर ती साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून जेथे माणसाचा जीव टांगलेला आहे, तेथे झडपेला लॉक असलेलीच कडी हवी.

२०१८ च्या मे महिन्यात आपल्याच विदर्भातील, चंद्रपूर जिल्ह्याच्या आश्रमशाळांतील पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्या वाटेवर बांधलेल्या दोरीला धरून चढताना नियम एकच: खुंटीपाशी पोचल्यावर एक कडी पुढच्या दोरीत अडकवायची, मगच दुसरी मागची सोडायची. कोणत्याही क्षणी एक कडी दोरीत राहिलीच पाहिजे. टॉवरवर चढणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

बाजारात किल्ल्यांसाठी मिळणारी तशीच दिसणारी कडी माणसाचा भार घेण्यासाठी नसते. तडा गेलेली, गंजलेली, झडप अडकणारी कडी टाकून द्यावी. बांधकामावर सुरक्षेची साधने पुरविणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. ती मागण्यात लाज कसली?

माता-भगिनींनो, मुलगा कामावर निघताना डब्याची चौकशी आपण करतोच. त्याबरोबर एवढेही विचारा: “बाळा, पट्टा मिळाला का? कडीला लॉक आहे का?”